टोप्याखालचे सोमवार

विसावे मिनिट सरले तरी खोलीत कोणी बोलले नाही. बोलायचे नव्हतेच. पलंगावर निजलेल्या बाईच्या डोक्यावर पारदर्शक टोपा होता, टोप्यातून निघालेली नळी यंत्रात शिरत होती, आणि न हलता, न बोलता, नुसते जिवंत राहण्यासाठी त्या बाईच्या आत किती जळते आहे, ते यंत्र श्वासातल्या प्राणवायूवरून मोजत होते. अशा वेळी शब्द उच्चारायचा नाही. शब्दानेसुद्धा श्वास ढवळतो. बावीस वर्षे ही शांतता टोपाबाईंनी सांभाळली होती. तिचे प्रकार त्यांना तोंडपाठ होते. झोपेच्या काठावरची शांतता, उपाशी पोटाची शांतता, रडू गिळणाऱ्याची शांतता. आजची त्यांतली नव्हती. पलंगाच्या पलीकडे, भिंतीला टेकून, मांडीवर तळहाताएवढी डबी घेऊन ती नवी मुलगी बसली होती, आणि दोघीही मिठाची गुळणी धरून, एकमेकींकडे न पाहता, एकमेकींनाच पाहत होत्या.

टोपाबाई हे नाव त्यांना रुग्णालयातल्या वॉर्डबॉयनी दिले होते. आधी पाठीमागे, मग तोंडावर, आणि शेवटी त्यांच्या टेबलावरच्या चहाच्या कपावरसुद्धा कोणीतरी ते रंगवून ठेवले. त्यांनी कधी हरकत घेतली नाही. माणसाला त्याच्या कामाने हाक मारली जाते, यात त्यांना एक सुख होते. नव्या मुलीचे नाव मात्र त्यांनी स्वतः ठेवले होते: डबीवाली. ते चिकटावे म्हणून त्यांनी पहिल्या आठवड्यात ते चार ठिकाणी मुद्दाम उच्चारलेही होते.

यंत्राने टिक् केले. टोपाबाईंनी टोपा उचलला.

"उठू नका लगेच, मावशी. अजून हिचं व्हायचंय."

डबीवालीने पुढे येऊन बाईच्या नाकाला चिमटा लावला, तोंडात डबीची नळी दिली. दहा मिनिटे. टोपा नाही, मोठे यंत्र नाही, गॅसची टाकी नाही; खिशात घालावी आणि खाटेखाटेपाशी न्यावी अशी डबी. तीन आठवड्यांपासून हा नेम चालू होता. पन्नास माणसे दोन्ही यंत्रांवर मोजायची, आधी कोणते याची चिठ्ठी टाकायची, आणि आकडे ताडून पाहायचे. जुळले, तर टोप्याचे यंत्र मोडीत जाणार, या खोलीत कपाटे लागणार, आणि टोपाबाई तळघरातल्या फायलींच्या विभागात बसणार. नाही जुळले, तर डबी आल्या वाटेने परत.

आकडे आले. टोपा म्हणाला, दिवसाला चौदाशे शहाऐंशी कॅलरी. डबी म्हणाली, तेराशे पस्तीस.

हा बारावा माणूस होता. बाराही वेळा डबीने दहावा हिस्सा कमी सांगितला होता. टोपाबाईंनी आकडा वहीत लिहिला, आणि लिहिताना अक्षर नेहमीपेक्षा किंचित वळणदार आले, ते त्यांच्याच लक्षात आले.

"डबीला भूक लागली वाटतं," त्या म्हणाल्या. "रोज थोडं थोडं खाते आकड्यातलं."

डबीवाली हसली नाही, रागावलीही नाही. "बघू या ना ताई, का होतंय ते."

हे 'ताई' टोपाबाईंना सर्वांत जास्त बोचत असे. त्यात कुठे खोट सापडत नव्हती.

पलंगावरची बाई उठून बसली. ती घरी कपडे शिवायचे काम करी. सुईचे बारीक काळे ठिपके तिच्या बोटांवर कायमचे उमटले होते. नऊ महिने ती येत होती. वजन उतरवायचे, गुडघे वाचवायचे. टोप्याच्या आकड्यावरून आहाराचा कागद तयार होई, बाई तो घरी नेई, आणि पुढच्या खेपेला काटा जागचा हललेला नसे. तिच्या फायलीवर मोठ्या डॉक्टरांनी तांबड्या शाईत लिहून ठेवले होते: सांगितलेले पाळत नाही.

"मावशी, एकदा खरं सांगून टाका," टोपाबाई म्हणाल्या. "आम्ही काही पोलीस नाही."

"खरंच सांगते ना, बाई. कागदाबाहेर घास नाही."

"चौदाशे शहाऐंशी जाळता तुम्ही, निजल्या निजल्या. त्यावर चालणं, शिवणं वेगळं. कागदावर या सगळ्याच्या बेरजेहून कमी आहे. मग वजन उतरायला नको? आकडा खोटं बोलत नाही, मावशी. माणसंच बोलतात."

 ती बाई अगदी साध्या आवाजात, हवापाण्याची गोष्ट सांगावी तसे, म्हणाली, "सून आता कपाटाला कुलूप लावते. डॉक्टरांनीच सांगितलं ना मुलाला, की मी चोरून खाते म्हणून. पाहुणे आले की मला तिच्याकडे किल्ली मागावी लागते. साखरेसाठी."

 टोपाबाईंनी पुढच्या गुरुवारची वेळ लिहून दिली.

*

टोपाबाईंना डबीचा राग होता, असे म्हणणे सोपे झाले असते. वस्तूचा राग माणूस गिळू शकतो. त्यांच्या पोटात दुखत होते ते वेगळ्याच गोष्टीने.

एकोणीस वर्षांपूर्वीच्या एका सोमवारी, यंत्र बरोबर चालते आहे की नाही अशी शंका आली तेव्हा, मोठे डॉक्टर त्यांना म्हणाले होते, "तुम्हीच निजा बरं टोप्याखाली. तुमचा आकडा आपल्याला माहीत आहे." त्या निजल्या. आकडा आला तेराशे दहा, नेहमीसारखा. डॉक्टर हसले. "झालं. तुम्ही आमचं माप." तेव्हापासून दर सोमवारी सकाळी, पहिला रुग्ण येण्याआधी, टोपाबाई उपाशी पोटी येत, टोपा स्वतःच्या डोक्यावर ओढून घेत आणि अर्धा तास निजत. पूर्वी यंत्राच्या तपासणीसाठी स्पिरिटचा एक काचेचा दिवा होता. दहा वर्षांपूर्वी तो फुटला, तेव्हा त्यांनी नव्या दिव्यासाठी अर्ज लिहिला. डॉक्टरांनी तो परत केला. "दिवा कशाला? तुम्ही आहात की!"

त्या वाक्यावर त्यांनी दहा वर्षे काढली होती. कोणी त्यांना सुंदर म्हटले नव्हते, हुशार म्हटले नव्हते. पण शेकडो माणसांचे आतले जळणे ज्या मापाने मोजले जाई, ते माप त्यांचा श्वास होता. सोमवारी टोप्याखाली डोळे मिटले की त्यांना वाटे, सगळे रुग्णालय आपल्या छातीच्या चढउतारावर हळूच ठेवलेले आहे.

आणि आता तेच डॉक्टर, ज्यांनी बावीस वर्षांत एकदाही टोप्याखाली डोके घातले नव्हते, परवा व्हरांड्यात उभ्याउभ्या नाकाला चिमटा लावून डबीत श्वास सोडताना त्यांना दिसले. लहान मुलासारखे गाल फुगवून. डबीवाली म्हणत होती, "सर, हसू नका ना, आकडा बिघडतो." आणि डॉक्टर हसतच होते. टोपाबाई कोपऱ्यावर थांबल्या. फायली छातीशी धरून, हसणे संपेपर्यंत थांबल्या. ते हसणे त्यांच्या वाट्याचे होते, असा दावा त्यांना कोणत्याच कचेरीत लावता आला नसता.

घरी त्यांच्या यजमानांनी ताटावरून विचारले, "आज काय आकडा लागला?"

"डबी पुन्हा चुकली."

"अरे वा. मग चेहरा असा का? जिंकलीस ना?"

"जिंकायचं काय त्यात."

"नाही, मी आपलं म्हटलं." यजमान निवृत्त होते आणि बोलायला दुसरे कोणी नसल्यामुळे बरेचदा खरे बोलत. "झोपून राहण्याचा पगार मिळणारी बायको आहे माझी. ती नोकरी कुणी हिसकावली, तर मलाही वाईट वाटेल. पण त्या पोरीनं तुझं काय घेतलंय गं?"

 सगळे घेतले आहे, असे म्हटले असते तर हसले असते ते.

*

सोमवारी टोपाबाई खोलीत शिरल्या, तेव्हा डबीवाली आधीच आलेली होती. टेबलावर तिने एक लहानसा स्पिरिटचा दिवा मांडला होता, आणि शेजारी सोनाराकडे असतो तसला नाजूक तराजू.

"हे काय?"

"ताई, रागवू नका. कॉलेजातून मागून आणलाय. म्हटलं, दोन्ही यंत्रं एकदा यावर तपासू. माणसांचं काही सांगता येत नाही. कुणी आदल्या रात्री नीट झोपलेलं नसतं, कुणी जिना चढून आलेलं असतं. दिव्याचं तसं नाही."

"म्हणजे माझ्या यंत्राची परीक्षा घेणार तू?"

"माझ्यापण."

टोपाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पण त्या रागाच्या तळाशी एक थंड, गोड खात्रीही होती. बाराही आकड्यांनी डबीला खोटे पाडले होते. आता दिवाही पाडील, आणि तो दिवा हिने स्वतःच्या हाताने आणलेला असेल.

"लाव," त्या म्हणाल्या.

डबीवालीने स्पिरिट तोलून दिव्यात भरले. दिवा उशीच्या जागी ठेवला, वात पेटवली, वर टोपा घातला. पलंगावर, जिथे आजवर इतकी डोकी विसावली होती, तिथे एक निळसर ज्योत एकटीच उभी राहिली. दोघी सवयीने गप्प झाल्या. ज्योतीला बोलण्याने काही झाले नसते, तरीही. इतक्या स्पिरिटला इतका प्राणवायू लागतो, हे ठरलेले असते. ज्योतीला झोप नाही, लाज नाही, वय नाही. टोपाबाई तिच्याकडे पाहत राहिल्या आणि त्यांना, कारण नसताना, तिचाही हेवा वाटला. सोमवारी त्या जागी त्या असत.

अर्ध्या तासाने डबीवालीने दिवा विझवून पुन्हा तोलला, कागदावर गणित मांडले. एकदा मांडले, खोडले, पुन्हा मांडले. मग दुसऱ्या नळीने दिवा डबीला जोडून तेच सगळे पुन्हा केले. टोपाबाई खिडकीशी उभ्या होत्या. मागून काहीच आवाज येईना, तेव्हा त्या वळल्या.

"किती कमी सांगितलं डबीनं?"

डबीवाली कागदाकडे पाहत होती. "डबी बरोबर आहे, ताई. टोपा अकरा टक्के जास्त दाखवतोय."

"पुन्हा कर."

तिने पुन्हा केले. अकराच आले.

"शक्य नाही," टोपाबाई म्हणाल्या. "दर सोमवारी मी स्वतः निजते. एकदाही चुकलेला नाही. तेराशे दहा. ही वही बघ. एकोणीस वर्षं!"

डबीवालीने वही घेतली. ती पाने उलटत गेली तसतसा तिचा हात मंद होत गेला. शेवटच्या रकान्यावर तिचे बोट थांबले. तिथे टोपाबाईंच्या स्वच्छ अक्षरात, दर काही महिन्यांनी एक नोंद होती: स्क्रू पाव फेरा.

"हा कुठला स्क्रू?"

"हवेच्या प्रवाहाचा. यंत्र जुनं आहे, ढिलं पडतं. माझा आकडा घसरला की समजायचं, यंत्र उतरलं. पाव फेरा दिला की परत तेराशे दहा."

बोलता बोलता त्यांचा स्वर आपोआप खाली आला. खोलीत कोणी निजलेले नव्हते, तरी.

  डबीवालीने एखादा टोमणा मारायला हवा होता, म्हणजे टोपाबाईंना रागावता आले असते. तिने फक्त वही मिटली, आणि ती मिटण्यात इतकी काळजी होती की त्यांना सगळे समजले.

पहिली नोंद आठ वर्षांपूर्वीची होती. त्या वर्षी त्या दोन महिने तापाने आजारी होत्या आणि परत आल्या तेव्हा अंगावरचे कपडे ढिले झाले होते. पुढच्या वर्षी चाळिशीचे उरलेसुरले रक्तही थांबले. मग केस. मग गुडघे. हे सगळे त्यांनी आरशात पाहिले होते, आणि निमूट मान्य केले होते. पण टोप्याखाली त्यांचे वय वाढत नव्हते. तिथे जे घसरत होते ते यंत्र, त्या नव्हेत. आठ वर्षे त्या आपले म्हातारपण पाव पाव फेऱ्याने त्या स्क्रूमध्ये आवळून बसवत आल्या होत्या.

"दे ती डबी," त्या म्हणाल्या.

"ताई, आज नको."

"दे म्हणते ना."

त्या पलंगावर निजल्या. नाकाला चिमटा, तोंडात नळी. दहा मिनिटे छताकडे पाहत त्यांनी त्या परक्या वस्तूत श्वास सोडला. आकडा आला अकराशे ऐंशी.

"इतकीच आहे मी," त्या उठून बसत म्हणाल्या. डबीवालीचे डोळे भरले होते, आणि टोपाबाईंना वाटले, रडणेसुद्धा हिने आधी उरकले. माझ्यासाठी ठेवले नाही.

"आपण असं लिहू का," डबीवाली घाईघाईने म्हणाली, "की टोप्याची नळी कुठेतरी गळत होती? कुणाला कळणार नाही."

"गळती असली की आकडा कमी येतो, जास्त नाही," टोपाबाई म्हणाल्या. "खोटं बोलायचं तर निदान तेवढं शिकून बोल."

*

मोठ्या डॉक्टरांपुढे त्यांनी वही ठेवली आणि उभ्यानेच सगळे सांगितले. स्क्रू, सोमवार, अकरा टक्के. आठ वर्षे माणसांना त्यांच्या जळण्याहून जास्त आकडा सांगितला. त्यावर आहाराचे कागद निघाले. आणि ज्यांचे वजन हलले नाही त्यांच्या फायलींवर तांबडी शाई आली.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "दिव्याचा अर्ज आला होता का हो कधी?"

"आला होता. तुम्ही परत केला होता."

"हं." चष्मा पुन्हा डोळ्यांवर गेला. "असो. आता जुनं उकरून काढण्यात अर्थ नाही. नवीन यंत्र येतंच आहे, पुढचे आकडे बरोबर येतील. रुग्णांना सांगून उगाच गोंधळ नको." मग त्यांनी दारात उभ्या असलेल्या डबीवालीकडे पाहिले आणि चेहरा उजळला. "पकडलंस बरं का तू! शाबास."

टोपाबाईंनी वही उचलली. आपली चूकसुद्धा त्यांना आपल्या नावावर मिळाली नव्हती.

तिथून त्या थेट फायलींच्या कपाटाशी गेल्या. तांबडी शाई असलेल्या फायली एकेक करून उपसू लागल्या. डबीवाली मागोमाग आली.

"काय करताय?"

"सगळ्यांना सांगणार आहे. एकेकाला बोलवून."

"सर नको म्हणाले ना."

"त्यांनी मला माप केलं होतं. मापानं खरं सांगायचं असतं."

डबीवाली जमिनीवर बसली आणि फायली लावू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "गुरुवारी त्या शिलाईवाल्या मावशी येतील. मी सांगू का त्यांना? तुम्हाला जड जाईल. मी म्हणेन, यंत्रात दोष होता. तेही खोटं नाही."

तिने हे मनापासून म्हटले होते. टोपाबाईंना ते दिसतही होते. तरी त्यांच्या आत ती जुनी कळ पुन्हा उठली, डॉक्टरांचे हसणे ऐकताना उठली होती तशीच, तितकीच तीक्ष्ण.

"नाही," त्या म्हणाल्या. "खोली घे. पलंग घे. सोमवार घे. ती बाई माझी आहे. तिला दिलेला त्रास माझा आहे. तो तुला नाही मिळायचा."

*

गुरुवारी शिवणकाम करणारी ती बाई वेळेवर आली. टोपाबाईंनी तिला पलंगावर निजवले नाही, खुर्ची दिली. स्वतः समोर बसल्या. डबीवालीला त्यांनी बाहेर पाठवले होते. रोज कोणी तरी निजलेले असल्यामुळे त्या खोलीत कधी समोरासमोर बसून बोलणे झालेच नव्हते. गुडघ्यांना गुडघे लागत होते.

त्यांनी सांगितले. सोप्या शब्दांत, काही न वगळता. स्क्रूचे सांगितले, स्वतःच्या वयाचे सांगितले. "तुमचा आकडा तेराशे पस्तीस आहे, मावशी. आम्ही तुम्हाला जे खायला सांगत होतो, तेच जास्त होतं. तुम्ही पाळत होता. अगदी बरोबर पाळत होता. म्हणूनच वजन जिथल्या तिथे राहिलं."

 बाई ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिची पाठ हळूहळू खुर्चीपासून सुटून सरळ होत गेली.

टोपाबाईंनी नवा कागद तिच्यापुढे केला. फायलीवरची तांबडी ओळ त्यांनी सकाळीच खोडली होती, आणि खाली लिहिले होते: रुग्णाने सर्व सूचना पाळल्या. चूक मोजणाऱ्याची. त्याखाली सही होती, आणि सहीखाली, बावीस वर्षांत प्रथमच, त्यांचे पूर्ण नाव.

बाईने ती ओळ ओठ हलवत वाचली. पुन्हा वाचली.

"नऊ महिने," ती म्हणाली.

"हो."

"मलाच वाटायला लागलं होतं हो. झोपेत उठून खात असेन म्हणून."

टोपाबाईंना मान वर करवेना. बाहेर व्हरांड्यात कोणाची तरी चाकाची खुर्ची करकरत गेली.

"मी तुमच्या घरी येऊ का?" त्या म्हणाल्या. "मुलाला, सुनेला मी स्वतः सांगते. मी केलं, तर मीच सांगायला हवं. उद्या येऊ? तुम्ही म्हणाल तेव्हा येते."

बाईने नवा कागद उचलला. काठाला काठ जुळवून तो दुमडला, दुमडीवरून अंगठ्याचे नख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दाबत नेले, शिलाई बसवावी तसे, आणि पिशवीत ठेवला. मग उभी राहिली.

"मावशी?"

तिने दार उघडले. बाहेरच्या बाकावर रांगेत बसलेल्या माणसांनी तिला वाट देण्यासाठी एकामागून एक पाय आत घेतले, आणि ती त्यांच्या समोरून, कोणतीही घाई न करता, चालत गेली.